सोबतीची बाई

१

शिवकन्या माणसाचा चेहरा विसरायची, पण हात विसरायची नाही. मानवतच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची अर्धी खोली, भिंतीला लटकवलेले रंगीत चुडे, आणि खाली गादीवर मांडी घालून बसलेली ती. समोर बाई येऊन टेकली की हिची नजर आधी मनगटावर. हाड रुंद का बारीक, मूठ दाबली तर मऊ लागते का, आधीचा चुडा कुणी भरलाय.

"सरजाबाईची सून न्हवं का तुमी? तोंडावरून न्हाई वळखलं, हातावरून वळखलं," असं म्हणायची आणि बाई हसून हात पुढं करायची. मग बांगडी चढेपर्यंत तिच्या घरातलं सगळं हिला कळायचं, आणि हिच्या घरातलं सगळं तिला. बोलायचा कंटाळा हा प्रकार शिवकन्याला ठाऊकच नव्हता. एसटीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा वैभवचा पगार किती, हे पाथरी फाटा यायच्या आत माहीत झालेलं असायचं.

आणि दुसरी एक खोड. दारात कुणीही उभं राहिलं, ओळखीचं असो नसो, की "या की, बसा, आपल्याच हाव तुमी." पाणी मागायला आलेल्याला चहा. पत्ता विचारायला आलेल्याला भाकरी.

तिचे मालक रामलिंगअप्पा यावरून तिला चिडवायचे. "एखाद्या दिवशी कुणीतरी खरंच आपलं होऊन बसंल घरात."

"बसंना का," ती म्हणायची. "मूठभर पीठ जास्तीचं मळीन."

२

त्या दिवशी नवरा-बायको पोखर्णीला पोरगी बघायला गेले होते, वैभवसाठी. वैभव पुण्याला कंपनीत. शिवकन्यानं ठेवणीतली जांभळी साडी नेसलेली, आणि हातात हिरवा चुडा, सोनेरी ठिपक्यांचा. मालाचा तो डबा आला तेव्हाच तिनं हा स्वतःसाठी काढून ठेवला होता, गिऱ्हाइकाला दाखवलासुद्धा नव्हता.

पोरगी पसंत पडली. परत येताना गाडीवर मागं बसून तिचं तेच चाललं होतं. "हात किती मऊ हाय पोरीचा! चहा देताना कप हालला न्हाई बगा."

"पदर आवर," अप्पा पुढून म्हणाले.

"आवरलाय की."

आवरला होताच. पण चैत्राचं ऊन, वर वारा, आणि रस्त्यानं गरम धूळ उडत होती. मागच्या चाकातून काहीतरी कर्र वाजलं. तिच्या खांद्याला मागून कुणीतरी हिसका दिल्यासारखं झालं, आणि रस्ताच वर येऊन डोक्याला लागला.

पुढचं तिला तुटक आठवत होतं. कुणाच्या तरी जीपमधली गरम सीट. अप्पांचा हात. परभणी आली, परभणी आली, असं कुणीतरी म्हणत होतं. मग एका मोठ्या दवाखान्याचं जाळीचं दार, आणि दाराबाहेर उन्हातच थांबलेलं तिचं स्ट्रेचर. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल ओला लागत होता. चुडा सगळा फुटून गेला होता, एकच बांगडी कशी कोण जाणे शाबूत राहिली होती.

"अपघाताची केस हाय, आधी जबाब द्या," असं म्हणत एक पोलीस अप्पांना बाजूच्या चौकीकडं नेत होता. "आलोच मी, वैभवची आई. भिऊ नको," अप्पा मागं बघत म्हणाले. तिचा फोन त्यांच्याच खिशात राहिला.

जाळीच्या दाराशी हरिओम नावाचा वॉचमन काठी घेऊन बसला होता. "एका पेशंटमागं एकच नातेवाईक. बाकी बाहेर. ओ बाई, तुमाला कितींदा सांगू? सरका तिकडं."

हे तो ज्या बाईला बोलत होता ती दाराच्या कडेला, भिंतीला चिकटून उभी होती. भर उन्हात, सावली दोन पावलांवर असून. अंगावर विटलेलं पातळ, पाय अनवाणी. शिवकन्यानं सवयीनं तिच्या हाताकडं बघितलं. मनगटं मोकळी होती. तसं तर काय, कुणाचा नवरा जातो, कुणाला ऐपत नसते. मोकळे हात तिनं लय बघितले होते. पण वर्षानुवर्षं बांगडी घातलेल्या हाताला तिचा एक वळ असतो, कातडी तेवढी जरा गुळगुळीत, जरा उजळ. बांगड्या उतरल्या तरी तो वळ जात नाही. या बाईच्या मनगटाला कसलाच वळ नव्हता. पन्नाशीची बाई, आणि मनगट कालच जन्मल्यासारखं.

"बाई," ती स्ट्रेचरवर वाकून म्हणाली, "मला आत घ्यायला सांगा की."

डोकं ठणकत होतं. शिवकन्याला वाटलं, हिचं कुणी आत असेल बिचारीचं. ऊन किती, पायात काही नाही.

"येऊ द्या हो दादा," ती हरिओमला म्हणाली. "आमच्याच हायत."

"मंग आधी बोलायचं की! सकाळपासून उभ्या हायत." हरिओमनं दार सरकवलं. "आता दुसरं कुणी आलं तर सोडणार न्हाई बरं. मागून भांडायचं न्हाई."

३

आत गेल्यावर ऊन गेलं, पण गारवा काही आला नाही. छताला पंखे खडखडत होते, त्यांचा वारा खाली पोचत नव्हता. खाटा एकमेकींना लागून, मधे हिरवे पडदे. एका पडद्यामागं कुणी ओकत होतं. दुसरीकडं एक लेकरू सारखं एकाच सुरात रडत होतं, दमत नव्हतं. शेजारच्या खाटेवर तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावलेले एक म्हातारे बाबा होते, श्वास घेताना त्यांची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. नळीतून हवा सुटल्याचा फस्स आवाज अखंड.

मनिषा सिस्टरनं डोक्याला पट्टी बांधली. सुई लावायला उरलेली बांगडी काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मग सलाइनची बाटली त्या बाईच्या हातात दिली.

"स्टँड न्हाईत शिल्लक. धरा ही. वर, पेशंटच्या लय वर. बाटली खाली आली की रक्त उलटं चढतं नळीत. मंग मला हाका मारू नका."

बाईनं हात सरळ वर केला. नळीत थेंब पडू लागले.

शिवकन्या डोळे मिटून पडली. जरा बरं वाटलं तशी तिची जीभ सुटली. पोखर्णीची पोरगी, तिचा मऊ हात, कप न हलणं, पदर, सगळं त्या बाईला सांगून झालं. बाई ऐकत होती. इतकं मन लावून शिवकन्याचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मधेच "मंग?" म्हणायची, आणि थांबायची.

"मावशी, तुमचं पेशंट कुठल्या खाटंवर हाय?" शेवटी शिवकन्यानं विचारलं.

"हे काय."

"न्हाई, माझं न्हाई. तुमचं स्वतःचं."

"तुमीच म्हणलाव की," बाई म्हणाली.

शिवकन्यानं डोळे पूर्ण उघडले. बाईचा हात तसाच वर होता, काठीसारखा ताठ. थरथर नाही, या हातातून त्या हातात घेणं नाही. आणि त्या मनगटावर एक हिरवी बांगडी होती, सोनेरी ठिपक्यांची.

तिनं खिडकीकडं बघितलं. कट्टा रिकामा होता.

उचलली असेल, ती मनात म्हणाली. गरीब बाई, मोह झाला असेल. पण कधी उचलली? हात तर तिनं खाली केलाच नव्हता. आणि दुसरी गोष्ट तिला तेवढ्यात दिसली, जी दुसऱ्या कुणाला दिसली नसती. हात वर केला की बांगडी घसरते, कोपराकडं येते. सैल असो, घट्ट असो, थोडी तरी येतेच. ही बांगडी मनगटावरच होती. तिला खाली यायचं ठाऊकच नसल्यासारखी.

"तुमी जावा आता," शिवकन्या म्हणाली. "आमचे मालक येतील."

"एकालाच सोडतात," बाई शांतपणे म्हणाली.

आणि खरंच, पडद्यापलीकडून, जाळीच्या दाराकडून, अप्पांचा आवाज ऐकू आला. "अरे माझी बायको हाय आत! मानवतची!"

"तिचं माणूस हाय तिच्यापाशी," हरिओमचा आवाज. "आरडू नका. दवाखाना हाय हा."

४

तिनं हाक मारली, "अहो!" पण आवाज पंख्यांच्या खडखडीतच विरला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं.

"काकू, नाव सांगा."

"शिवकन्या."

"गाव?"

"मानवत."

"आज कुठून येत होतात?"

"पोखर्णीहून. पोरगी बघून."

"छान. आणि बाटली धरून उभ्या आहेत त्या कोण?"

"मला ठाऊक न्हाई," शिवकन्या म्हणाली. "मी न्हाई वळखत यांना. यांना बाहेर काढा, माझे मालक दारात हायत, त्यांना घ्या."

डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांनी सिस्टरकडं बघितलं. सिस्टर म्हणाली, "मॅडम, पेशंटनं स्वतःच सांगितलंय हरिओमला, आमच्याच हायत म्हणून."

"तुम्ही कोण यांच्या?" डॉक्टरीणबाईंनी त्या बाईला विचारलं.

बाईचे डोळे भरून आले. अगदी खरं पाणी. "बगा की मॅडम. मगापासून सगळं बोलत होती माझ्यासंगं. पोरीचं, पदराचं, समदं. आता वळखंना गेली."

"डोक्याला मार लागला की होतं असं." आता डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. भरभर, हुकमी. "जवळचं माणूस ओळखत नसतील तर इथं ठेवता येणार नाही. आत रक्त उतरत असेल. सिस्टर, नांदेडची गाडी बोलवा. या काकू सोबत जातील."

"मी खोटं न्हाई बोलायले!"

"काकू, अंगात जोर आणू नका. धरा हो त्यांना."

बाईनं मोकळा हात तिच्या कपाळावर ठेवला. हात गरम नव्हता, गार पण नव्हता. काहीच नव्हता.

शिवकन्याला एकदम दिसलं ते असं: बंद गाडी, मागं ही बाई आणि ती, दोघीच, आणि नांदेडपर्यंतचा सगळा रस्ता. इकडं अप्पा जाळीच्या दाराशी, त्यांना पत्ताच नाही.

"थांबा," ती म्हणाली. "आता वळखलं. चक्कर आल्ती मला."

"मग कोण आहेत त्या?"

बाई वाट बघत होती. नळीत थेंब पडत होते.

"आमच्याच हायत," शिवकन्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा टाकला, "घाबरवलंत बघा," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. शिवकन्यानं वर बघायचं टाळलं. पण किती वेळ टाळणार? बघितलंच. बाईच्या मनगटावर आता एकच बांगडी नव्हती. सगळा चुडा होता, हिरवागार, मनगट भरून. फुटून रस्त्यावर पडला होता तो. जागचा हलत नव्हता, वाजत नव्हता.

५

शेजारच्या खाटेवरचे बाबा कधीपासून तिच्याकडंच बघत होते. सिस्टर त्यांना व्यंकटराव म्हणून हाक मारत होती. त्यांनी हळूच मास्क हनुवटीवर ओढला.

"बाई," ते म्हणाले. एका शब्दाला एक श्वास लागत होता. "सकाळी... ही... खाटंवर होती."

"कुठल्या?"

त्यांचं बोट शिवकन्याच्या गादीकडं झालं.

"आन बाटली... दुसरीनं धरल्ती. मंग... घरचे आले. घिऊन गेले."

"हिला?"

बाबांनी मान हलवली. नाही. "बाटलीवालीला."

"व्यंकटराव! मास्क कुणी काढला?" मनिषा सिस्टर धावत आली. "ऑक्सिजन कमी झाला की काहीबी बोलतात हे. काल म्हणले छतावर म्हशी हायत." तिनं मास्क घट्ट बसवला आणि मधला पडदा सर्रकन ओढून घेतला. पडद्यापलीकडून पुन्हा फस्स, फस्स.

खरंच, म्हाताऱ्या माणसाचं काय घेऊन बसायचं. आणि माझ्या तरी डोक्याचा काय भरवसा, शिवकन्या मनाला समजावू लागली. रस्त्यावर आपटलेलं डोकं. बांगडीचं म्हणशील तर हिरव्या बांगड्या काय आपल्याच दुकानात मिळतात? तिनं हे सगळं नीट मांडून बघितलं, आणि नीट मांडलेलं सगळं त्या ताठ हाताकडं बघितलं की मोडून पडत होतं.

"खरं हाय का ते?" तिनं हळूच विचारलं.

बाईनं नाकारलं नाही. "सेलूला घर हाय माझं," ती म्हणाली. "दारात कडुनिंब. पोरगं आताशी रांगाय लागलं होतं. सकाळी माझ्या देखत बसली ती रिक्षात, त्याला कडंवर घिऊन. ते बी गेलं की. रडलं बी न्हाई."

रांगतं पोरगं, आणि पन्नाशीची बाई. शिवकन्यानं पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडं नीट बघायचा प्रयत्न केला. नजर ठरेना. डोळे बघितले की नाक आठवेना.

"मंग जावा की तुमी. सेलूला जावा. गाडी हाय, एसटी हाय."

"तिथं मी हाय की आता," बाई म्हणाली. "मला घरी जायचंय. कुठल्याबी."

६

मग तिनं हात खाली आणायला सुरुवात केली.

अगदी सावकाश. डोळे शिवकन्याच्या डोळ्यांत, आणि बाटली खाली येतेय. डोक्याच्या रेषेत आली. खांद्याच्या रेषेत आली. थेंब थांबले.

"वर धरा," शिवकन्या म्हणाली. "मावशी, वर धरा. सिस्टर! ओ सिस्टर!"

पलीकडं ते लेकरू रडत होतं. कुणी आलं नाही.

बाटली गादीच्या खाली गेली. सुईच्या तोंडाशी नळी लाल झाली. आधी बोटाच्या पेराएवढी, मग वीतभर. लाल रेघ नळीतून वाट काढत त्या बाईच्या हाताकडं निघाली. शिवकन्याला स्वतःचं रक्त असं अंगातून बाहेर चालत जाताना दिसत होतं, आणि बाईच्या मोकळ्या मनगटावर, बघता बघता, फिकट उजळ वळ उमटत होता.

"धरता का जरा?" बाई म्हणाली. "हात भरून आलाय माझा."

कुणीही तेच केलं असतं. शिवकन्या उठून बसली आणि तिनं बाटली हिसकावून घेतली. वर धरली. लाल रेघ जागीच थांबली. अजून वर धरायला हवी होती. ती गुडघ्यावर झाली, हात ताणला.

पडदा सरकला. मनिषा सिस्टर. तिनं थेट शिवकन्याकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ओ बाई, खाटंवर चढलाव काय? नातेवाइकांनी खाटंवर बसायचं न्हाई. उतरा खाली. उभं राहून धरा."

तिच्या आवाजात असा काही धाक होता की शिवकन्या उतरली. पाय फरशीला लागले. पायांत चप्पल नव्हती. बाटली वर धरून तिनं नळीकडं बघितलं, रक्त परत गेलं का बघायला. नळी खाली जात होती, गादीवरून, आणि एका हातात शिरत होती. हिरव्या चुड्याच्या हातात.

खाटेवर जांभळी साडी होती. डोक्याला पट्टी. चेहरा भिंतीकडं वळलेला.

शिवकन्यानं मोकळा हात स्वतःच्या डोक्याला लावला. पट्टी नव्हती. जखम नव्हती. दुखत नव्हतं. मगापासूनचा तो ठणका, कंबरेत भरलेली उसण, सोललेलं कोपर, काहीच दुखत नव्हतं. कुठंच.

समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. तिनं तिकडं बघितलं नाही.

७

"मानवतच्या शिवकन्या! घरी सोडायचंय, त्यांचं माणूस बोलवा," असा पुकारा झाला आणि अप्पा आत आले. शर्टाला रक्त, केसांत धूळ, डोळे लाल. ते सरळ खाटेपाशी गेले.

"लय वेळ लावलाव," खाटेवरून आवाज आला. शिवकन्याचा आवाज. त्यातली ती लाडाची तक्रार पण तिचीच.

"आत सोडंना गं तो. भांडलो मी." अप्पांनी पट्टीवरून हात फिरवला.

"अहो," शिवकन्या म्हणाली. "अहो, इकडं बगा. मी हाय. मी."

अप्पांनी बघितलं. रस्त्यात कुणी पत्ता विचारला की ते जसे बघायचे तसं, जरा हसून, जरा वाकून. परक्या बाईकडं बघायची त्यांची ती अदब तिला फार आवडायची.

"पोखर्णीच्या पोरीचा हात मऊ होता म्हणलं न्हाई का मी तुमाला? गाडीवर? कप हालला न्हाई म्हणलं. तुमी म्हणलाव, पदर आवर."

अप्पा गोंधळले. खाटेकडं वळले. "तू सांगितलंस का हे यांना?"

"सांगितलं की. एवढा वेळ पडून दुसरं काय करू?"

अप्पांना हसू आलं. पहिल्यांदाच, त्या सगळ्या दिवसात. "हिचं असंच हाय मावशी. कुणीबी भेटो, समदं सांगून मोकळी."

त्यांच्या खिशातला फोन वाजला. वैभवचा होता. अप्पांनी स्पीकर लावला. "आई? आई, बरी हायस ना गं?"

"बरी हाय रे बाळा," खाटेवरची म्हणाली.

"वैभव!" शिवकन्या ओरडली. "वैभव, मी इथं हाय रे!"

"आई, कोण वरडायलंय तिथं?"

"कुणी न्हाई रे. दवाखाना हाय. तू जेवलास का?"

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी शिवकन्याला दंडाला धरून जरा बाजूला घेतलं. रागानं नाही, दमून. "काकू, झालं आता. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ केलंत. त्यांचं माणूस आलंय." सिस्टरनं तिच्या हातातली बाटली काढून घेतली. तिचा हात वरच राहिला. कसा खाली करायचा ते तिला थोडा वेळ सुचलंच नाही.

खाटेवरची उठली. पदर खोचला. वाकून चप्पल पायात घातली. तेव्हा तिच्या हातातला चुडा किणकिणला आणि घसरून खाली आला, अगदी बांगड्यांनी यावं तसा.

जाताना अप्पा थांबले. माणूस चांगला, तसाच कसा जाईल. शिवकन्यापुढं येऊन त्यांनी हात जोडले.

"मावशी, लय उपकार झाले. माझी बायको एकटी पडली असती. कधी आलाव मानवतला तर दुकानावर या. बाजारात कुणालाबी विचारा." त्यांची नजर तिच्या मनगटांवर गेली आणि त्यांना वाईट वाटलं. "ही बांगड्या भरंल तुमाला. हात लय मोकळे दिसायलेत."

८

जीप निघताना शिवकन्यानं बघितली. "पदर आवर," अप्पा म्हणाले. "आवरलाय की," जांभळ्या साडीतली म्हणाली.

शिवकन्या जाळीच्या दाराच्या कडेला भिंतीला टेकून उभी राहिली. ऊन तसंच होतं. फरशी तापलेली होती, दुसऱ्या कुणाला पाय ठेववला नसता. मानवतची एसटी कुठून सुटते हे तिला ठाऊक होतं. जावं, दारात उभं राहावं. मग दार उघडून बाहेर कोण येईल, हेही तिला ठाऊक होतं. ती बाहेर येईल. चांगल्या मनानं येईल. या की, बसा, म्हणेल.

तिनं मनगट चोळलं. वळ नव्हता.

"ओ बाई," हरिओम म्हणाला, "सरका तिकडं. कुणाच्या हाव तुमी?"

तिनं ठरवलं, मी बोलणार नाही. मी कुणालाच काही म्हणणार नाही. अशीच उभी राहीन, संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत, पण कुणाच्या भरल्या घरावर पाय देणार नाही. हे ठरवून तिला जरा बळ आलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग स्ट्रेचरची चाकं. कुणीतरी "अर्पिता, डोळे उघड, आलोच गं मी," म्हणत पोलीस चौकीकडं धावलं. स्ट्रेचर तिच्या शेजारीच येऊन थांबलं.

"काकू," एक कोवळा आवाज म्हणाला. "उन्हात कामून उभ्या हाव? तुमचं कुणी हाय का आत?"

मायेनं विचारलेल्या प्रश्नाला शिवकन्यानं जन्मात कधी पाठ दाखवली नव्हती. ती वळली. चेहरा तिला दिसलाच नाही. तिची नजर आधी मनगटावर गेली.

हाड बारीक होतं. मूठ मऊ. बांगडी सहज चढली असती.